गेटचा स्कोअर ३३६ आहे, एम.टेक.ची शिष्यवृत्ती मिळेल का?

प्रश्न : नमस्कार. मी यंदा सिव्हिलमधून बी.टेक. पूर्ण केलं, सीजीपीए ८.४ आहे. ओबीसी प्रवर्गातून गेट, म्हणजे एम.टेक.ची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, दिली होती. गुण २६.६७ आणि स्कोअर ३३६. मैत्रिणी म्हणतात, ३५० च्या खाली म्हणजे नापासच. कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारलं, तर ते म्हणाले, "तुझा सीजीपीए चांगला आहे, नॉन-गेटमधून फॉर्म भर, शिष्यवृत्तीचं नंतर बघू." वडिलांची तीन एकर शेती आहे, वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांचा दाखला आहे. नॉन-क्रिमी लेयर दाखला दोन वर्षांपूर्वी काढला, तो पुढच्या मार्चपर्यंत चालतो. बँकेत शाळेत असताना उघडलेलं खातं आहे. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून फीही माफ होते असं ऐकलं, मग दोन्ही मिळतील का? सध्या मी एका क्लासमध्ये शिकवते, ते चालू ठेवलं तर चालेल का? धाकटा भाऊ सिव्हिलच्याच तिसऱ्या वर्षाला जाणार आहे, त्यालाही काही सांगा.
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : तू गेट पास आहेस. हे आधी घट्ट धरून ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

३५० चा गैरसमज कुठून येतो ते सांगतो. गेटचा स्कोअर काढायच्या सूत्रात ओपनच्या पात्रता गुणांना ३५० हा आकडा दिलेला असतो, आणि त्या पेपरातल्या अगदी वरच्या मुलांच्या सरासरीला ९००. त्यामुळे ज्याला बरोबर ओपनच्या रेषेइतके गुण पडले त्याचा स्कोअर ३५० येतो. पण ओबीसी-नॉन क्रिमी लेयर आणि ईडब्ल्यूएससाठी पात्रतेची रेषा ओपनच्या ९० टक्क्यांवर असते, एससी, एसटी आणि दिव्यांगांसाठी दोन तृतीयांशावर. समजा ओपनची रेषा २८ गुणांची असेल, तर ओबीसीची २५.२ होते. या दोन रेषांच्या मधे गुण असलेली मुलगी ओबीसीत पात्र असते आणि तिचा स्कोअर मात्र ३५० च्या खाली दिसतो. स्कोअर कार्ड उघडून बघ. तुझ्या गुणांशेजारी तिन्ही गटांचे पात्रता गुण छापलेले आहेत. ओबीसीच्या रकान्यातला आकडा २६.६७ पेक्षा कमी किंवा तितकाच असेल, तर विषय संपला.

मात्र याची दुसरी बाजू नीट समजून घे. तू ओबीसीच्या रेषेवर पात्र आहेस, ओपनच्या नाही. म्हणजे तुझी पात्रता सर्वस्वी त्या नॉन-क्रिमी लेयर दाखल्यावर टांगलेली आहे. स्कोअर ४५० असता तर दाखल्यात थोडं इकडेतिकडे झालेलं निभावलं असतं. ३३६ वर निभणार नाही.

आता शिष्यवृत्ती. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) पीजी शिष्यवृत्ती महिन्याला १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने, किंवा कोर्स आधी संपला तर तिथपर्यंत. दोन वर्षांचे पूर्ण धरले तर २,९७,६०० रुपये होतात. (हा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ हललेला नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावणाऱ्या मुलांना तो आता किती अपुरा पडतो हे आम्ही रोज ऐकतो, आणि तो वाढायलाच हवा.) अट अशी की संस्था आणि तो कोर्स एआयसीटीईमान्य हवा, प्रवेश मंजूर जागांमधला हवा, कोर्स पूर्णवेळ हवा आणि प्रवेशाच्या वेळी गेटचा स्कोअर वैध हवा. निकाल लागल्यापासून तीन वर्षं तो वैध असतो.

"प्रवेशाच्या वेळी" या दोन शब्दांवर दरवर्षी मुलांचं नुकसान होतं. तुझ्या ऑफिसमध्ये दिलेला सल्ला नेमका इथेच घातक आहे. नॉन-गेट म्हणून प्रवेश घेतलास, तर तुझी नोंद नॉन-गेट विद्यार्थिनी अशीच होते. नंतर स्कोअर कार्ड दाखवून ती बदलत नाही, आणि नॉन-गेट मुलांना ही शिष्यवृत्ती नाही. तसंच नॉन-गेट प्रवेश घेऊन पुढच्या फेब्रुवारीत गेट दिली आणि ४०० स्कोअर आणला, तरी चालू कोर्सला त्याचा उपयोग शून्य.

शिवाय नॉन-गेटने चांगलं कॉलेज मिळेल हा हिशेबही चुकीचा आहे. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, एम.ई./एम.टेक.च्या जागा आधी गेटवाल्यांना दिल्या जातात, उरलेल्या नॉन-गेटवाल्यांना पदवीच्या गुणांवर. म्हणजे ३३६ घेऊन तू गेटच्या यादीत शेवटाकडे असलीस, तरी ८.९ सीजीपीएच्या नॉन-गेट मुलीच्या पुढे आहेस. कॅपचा फॉर्म भरताना गेटचा तपशील भर: नोंदणी क्रमांक, वर्ष, पेपर, स्कोअर. कागदपत्रं तपासून झाल्यावर पोचपावतीवर गेटचा तपशील छापून आलाय का ते तिथेच उभं राहून वाच. आला नसेल तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय घरी येऊ नकोस. प्रायोजित जागा आणि अर्धवेळ कोर्स यांच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे ही शिष्यवृत्ती नसते.

आयआयटी आणि एनआयटीमध्येही महिन्याला १२,४०० च मिळतात, पण तो पैसा संस्थेमार्फत येतो, एआयसीटीईचं पोर्टल तिथे लागत नाही. तिथल्या प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रियाही वेगळी: एनआयटीसाठी सीसीएमटी, आयआयटीसाठी कोॲप. ३३६ वर सिव्हिलच्या मागणी असलेल्या शाखांची तिथे आशा धरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तुझ्यासाठी सांगलीचं वालचंद, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि नांदेडचं एसजीजीएस ही नावं जास्त कामाची. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजबद्दल एकच गोष्ट तपास: तू निवडलेला नेमका कोर्स, म्हणजे स्ट्रक्चरल, एन्व्हायर्न्मेंटल, जे काही असेल ते, एआयसीटीईच्या मंजूर यादीत आहे का. कॉलेज मान्यताप्राप्त आहे म्हणून प्रत्येक कोर्स असतोच असं नाही. तिथल्या सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या गेट विद्यार्थ्याला गाठ आणि विचार, पैसे कितव्या महिन्यात आले. कॉलेजचं ऑफिस कसं चालतं ते त्या एका उत्तरात कळतं.

आता दाखला. तुझ्याकडचा नॉन-क्रिमी लेयर दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि पुढच्या मार्चपर्यंत चालतो. तो तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढलेला राज्याचा दाखला आहे, कॅपसाठी त्याची मुदत पुरेशी आहे. एआयसीटीईला मात्र प्रवेशाच्या तारखेला एक वर्षापेक्षा जुना नसलेला दाखला लागतो. मुदत शिल्लक असली तरी काढल्याची तारीख जुनी, म्हणून अर्ज परत येतो. म्हणून याच आठवड्यात सेतू केंद्रात जा आणि केंद्र सरकारच्या नमुन्यातला नॉन-क्रिमी लेयर दाखला माग. फॉर्मवर नमुना वेगळा निवडावा लागतो. न सांगितलं तर राज्याचाच निघतो आणि पुन्हा फेरी पडते. सही प्रांताधिकाऱ्यांची असते, तेव्हा तीन आठवडे हाताशी ठेव. तुझी जात केंद्राच्या ओबीसी यादीत महाराष्ट्रापुढे आहे का, आणि स्पेलिंग तेच आहे का, हेही पाहून घे. काही जाती राज्याच्या यादीत आहेत आणि केंद्राच्या नाहीत.

वडिलांच्या उत्पन्नाची काळजी नको. केंद्राच्या क्रिमी लेयरच्या आठ लाखांच्या हिशेबात शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. राज्याच्या फी योजनेला लागणारा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला वेगळा, त्यात शेती धरतात, आणि तिथेही तू मर्यादेच्या बरीच आत आहेस. हे दोन कागद एकच समजू नकोस. कॅपमध्ये ओबीसीच्या जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. बी.टेक.च्या वेळचं असेल तेच चालतं.

यानंतरचा प्रश्न बँक खात्याचा. पुष्कळ मुलांचे पैसे इथे अडतात, म्हणून यावर जरा थांबतो.

शाळेत उघडलेलं खातं बहुतेक अल्पवयीन मुलांचं, पालकांबरोबरचं संयुक्त, किंवा कमी कागदपत्रांवर उघडलेलं छोटं खातं असतं. छोट्या खात्यात शिल्लक ५० हजारांपुढे जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. आता हिशेब कर. शिष्यवृत्तीचे पहिले पैसे क्वचितच महिन्याच्या महिन्याला येतात, थकीत रक्कम एकदम जमा होते. सहा महिन्यांचे ७४,४०० एकाच दिवशी आले, की ५० हजारांच्या खात्यातून ते परत जातात. पोर्टलवर तेवढं 'अयशस्वी' दिसतं, कोणी फोन करून सांगत नाही. म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावे, पूर्ण केवायसीचं साधं बचत खातं उघड. जनधन नको, संयुक्त नको.

खातं उघडलं की आधार लिंक झालं असं बँकेत सांगतील. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, केवायसीसाठी आधार क्रमांक खात्याला जोडणं. दुसरी, सीडिंग, म्हणजे तुझ्या आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे होणारी नोंद. पैसे येतात ते दुसरीमुळे. सीडिंगचा संमती अर्ज बँकेत वेगळा भरावा लागतो. तो दिल्यावर तीन-चार दिवसांनी मायआधारच्या साइटवर जा, आधार क्रमांक टाक, मोबाइलवरचा ओटीपी दे आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघड. तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' असं दिसलं पाहिजे. तुझ्या जुन्या बँकेचं नाव दिसत असेल, तर पैसे जुन्याच खात्यात जातील, मग फॉर्ममध्ये तू कुठलाही खाते क्रमांक लिही. महाडीबीटीचे पैसेही याच वाटेने येतात. आधारला तुझा सध्याचा मोबाइल नंबर जोडलेला नसेल, तर आधी तो जोड.

नावाचंही एकदा बघ. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेक वेळा नाव आधी. पासबुकावर कधी वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. शिष्यवृत्तीच्या नोंदीत आधारवरचं नाव अक्षरशः तसंच हवं आणि बँकेतलंही त्याच्याशी जुळायला हवं. आधार, पासबुक आणि स्कोअर कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघ. फरक असेल तर शक्यतो बँकेतलं नाव बदल, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर ती संधी लागू शकते.

प्रवेश झाल्यावरचा क्रम असा. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तू स्वतः खातं उघडू शकत नाहीस. कॉलेज तुझी माहिती भरून युनिक आयडी तयार करतं, तो तुला देतं, मग तू त्या आयडीने आत जाऊन अर्ज भरतेस आणि स्कोअर कार्ड, जातीचा व नॉन-क्रिमी लेयर दाखला, पासबुक, आधार अपलोड करतेस. त्यानंतर कॉलेज तपासून मंजूर करतं आणि अर्ज पुढे जातो. पोर्टलची खिडकी ठरावीक मुदतीसाठीच उघडते. ती बंद होईपर्यंत आयडी तयार झाला नाही, तर दोष कॉलेजचा असला तरी नुकसान तुझं. म्हणून वर्ग सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच पीजी शिष्यवृत्तीचं काम कोणाकडे आहे ते शोध, बहुधा विभागातले एखादे प्राध्यापक समन्वयक असतात. त्यांच्याकडे लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. आयडी मिळाल्यावर नाव, जन्मतारीख, प्रवर्ग आणि प्रवेशाची तारीख तपासूनच अर्ज पक्का कर. एकदा पुढे गेलेला अर्ज दुरुस्तीसाठी मागे आणणं फार जिकिरीचं आहे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे २४ महिने आपोआप पैसे येत राहतील असं नाही. दर महिन्याला कॉलेजने तुझी हजेरी पोर्टलवर टाकून पुष्टी द्यावी लागते. एका महिन्याची पुष्टी राहिली की त्या महिन्याचे पैसे राहिले. परीक्षेच्या आणि सुटीच्या महिन्यांत हे हमखास विसरलं जातं. महिना बदलला की पोर्टल उघडून मागच्या महिन्यापुढे काय लिहिलंय ते बघायची सवय लाव. बदल्यात तुझ्याकडून आठवड्याला आठ ते दहा तासांचं काम अपेक्षित असतं: बी.टेक.च्या मुलांची प्रॅक्टिकल घेणं, ट्युटोरियल, जर्नल तपासणं, संशोधनात मदत. त्याची नोंदवही असते, तिच्यात सही करायला विसरू नकोस. रजा वर्षाला १५ दिवस.

पहिले पैसे यायला काही महिने जातात हे गृहीत धर. सहा महिन्यांचा मेस, खोली आणि प्रवासाचा खर्च घरून किंवा साठवणीतून निघेल अशी तजवीज जुलैतच कर. या काळात कंटाळून नोकरी धरलेली आणि कोर्स सोडलेली मुलं दरवर्षी असतात.

क्लासची नोकरी बंद करावी लागेल. शिष्यवृत्ती घेताना दुसरीकडून पगार, मानधन किंवा विद्यावेतन घेत नाही, असं लिहून द्यायचं असतं. तुझ्या जागी उभं राहून पाहिलं तर हा नियम साठवण नसलेल्या मुलीला कठोर वाटतो, हे आम्हाला मान्य आहे. पण सही केली की तो बंधनकारक आहे, आणि नंतर उघड झालं तर घेतलेले पैसे परत मागितले जातात. हीच गोष्ट दुसऱ्या वर्षी पुन्हा समोर येते: डिसर्टेशनसाठी, म्हणजे एम.टेक.च्या प्रबंधासाठी, कंपनीत इंटर्नशिप मिळते आणि कंपनी महिन्याला पैसे देते. ते घेणार असशील, तर त्या महिन्यांची शिष्यवृत्ती थांबवायला कॉलेजला आधीच लेखी कळव.

महाडीबीटीचं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यात येत नाहीत, व्यवस्थापन कोट्यातले प्रवेशही नाहीत. म्हणजे कॅप इथेही महत्त्वाची. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्कं तुझी तुला भरावी लागतील.

दोन्ही एकत्र मिळतील का? दोन्ही अर्जांत दुसरी शिष्यवृत्ती घेत नसल्याचं हमीपत्र असतं. एक पैसा दरमहा तुझ्या हातात येतो, दुसरा कॉलेजच्या फीचा आहे, म्हणून मुलं परस्पर ठरवतात की चालतं. तसं करू नकोस. दोन्ही अर्ज पक्के करण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला एका पानाचं पत्र दे: मी एआयसीटीईची पीजी शिष्यवृत्ती घेणार आहे, फीमाफीसाठीही पात्र आहे, दोन्ही घेता येतात का ते लेखी कळवावे. उत्तर जपून ठेव. एकच निवडायची वेळ आली तर हिशेब सोपा आहे. शिष्यवृत्तीचे वर्षाला १,४८,८०० होतात, शासकीय कॉलेजची शिक्षण शुल्काची रक्कम त्याहून बरीच कमी असते. खासगी कॉलेजमध्ये मात्र दोन आकडे शेजारी मांडून बघ.

प्रगती शिष्यवृत्तीबद्दल मैत्रिणी सांगतील, पण ती मुलींच्या पदविका आणि पदवीसाठी आहे, एम.टेक.ला लागू नाही. आणि डिसर्टेशन वेळेत संपव. २४ महिने उलटले की काम अर्धवट असलं तरी पैसे थांबतात.

भावासाठी दोन गोष्टी. तिसऱ्या वर्षाला असतानाही गेट देता येते, अर्ज साधारण ऑगस्टअखेर सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. स्कोअर तीन वर्षं वैध असल्याने तिसऱ्या वर्षी चांगला आला तर चौथ्या वर्षानंतरच्या प्रवेशाला चालतो, नाही आला तर आणखी एक संधी हातात राहते. दुसरं, एल अँड टीची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी असते. निवड झालेल्यांना आयआयटी मद्रास, आयआयटी दिल्ली, सुरतकल किंवा तिरुची एनआयटीत कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंटचं एम.टेक. करता येतं आणि कंपनी फी व विद्यावेतन देते. पदवी हातात पडल्यावर तिथे अर्ज करता येत नाही, म्हणून चौथं वर्ष सुरू झालं की त्याने जाहिरातीवर लक्ष ठेवावं, आणि सही करण्याआधी कंपनीत किती वर्षं काम करायचं आहे हे करारात वाचून घ्यावं.